आरसा मळला की कोणता सेल काय सांगतो? वायू मोजायच्या आरसेवाल्या सेलची तुलना

गेल्या पावसाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या एका बायोगॅस प्रकल्पावरून फोन आला. मिथेनचं प्रमाण सतत मोजायचं आहे, लेसरवर चालणारं यंत्र घ्यायचं ठरलं आहे आणि एका विक्रेत्याने तीस मीटर प्रकाशमार्गाचा सेल (वायू भरून त्यातून प्रकाश सोडायची नळी) सुचवला आहे. घ्यावा का? मी उलट विचारलं, मिथेन किती असतं? उत्तर आलं, साठ टक्क्यांच्या आसपास.

इतक्या मिथेनला तीस मीटर म्हणजे गाळीव पिठाला पुन्हा पन्नास चाळण्या लावण्यासारखं आहे. मिथेन मोजायला सर्रास वापरली जाणारी १.६५ मायक्रॉनची शोषणरेषा (वायू ज्या नेमक्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतो ती) घेतली, तर साठ टक्के मिथेनमधून नुसते दहा सेंटिमीटर पार करताना तिच्या शिखरावर प्रकाशाचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो. एक मीटर गेलात की डिटेक्टरला तिथे काहीच दिसत नाही. अंधारातला फरक कोणतंच यंत्र मोजू शकत नाही. त्या प्रकल्पाला चार-पाच सेंटिमीटरची सरळ नळी पुरेशी होती, आरशांची गरजच नव्हती.

हीच रेषा आपल्या श्वासातल्या साध्या हवेत पाहा. हवेत मिथेन साधारण १.९ पीपीएम, म्हणजे दशलक्षात १.९ भाग. दहा सेंटिमीटरमध्ये शोषण होतं दशलक्षात सात भागांचं. ते डिटेक्टरच्या गोंगाटात बुडून जातं. तीस मीटरमध्ये तेच शोषण हजारात दोन होतं आणि आरामात मोजता येतं. बिअर-लॅम्बर्टचा नियम एवढंच सांगतो की शोषण हे वायूचं प्रमाण आणि मार्गाची लांबी यांच्या गुणाकारावर ठरतं. तीस मीटर लांबीची नळी टेबलावर मावत नाही, म्हणून आरसे लावून प्रकाशाला त्याच जागेत पुन्हा पुन्हा फिरवायचं.

त्यामुळे पहिली पायरी कागदावरची: तुमचं सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त अपेक्षित प्रमाण लिहा, आणि त्यावरून किती मीटर हवेत ते काढा. यात पुष्कळांचा प्रश्न सुटतो. ज्यांना खरोखरच दहा मीटर, शंभर मीटर किंवा काही किलोमीटर हवे आहेत, त्यांच्यासाठी पुढचं सगळं.

माहितीपत्रकात मार्गाची लांबी मोठ्या अक्षरांत छापलेली असते आणि बहुतेक जण तिच्यावरून तुलना करतात. वीसेक वर्षं हे सेल जुळवल्यावर, पुसल्यावर आणि कधी कधी रात्री उघडून बसल्यावर माझं मत वेगळं झालं आहे. तुलना एका प्रश्नावर करा: आरसा मळला की हे यंत्र मला काय सांगेल? आरसा मळणारच. पुण्यात धूळ आहे, कोकणात दमट खारा वारा आहे, गोठ्यात अमोनिया आहे, प्रकल्पावर हायड्रोजन सल्फाइड आहे. प्रत्येक प्रकारचा सेल या मळाला वेगळं उत्तर देतो, आणि तुमच्या कामासाठी कोणता योग्य ते त्या उत्तरावरून ठरतं.

स्वस्त नळी

हजार-दोन हजार पीपीएमच्या कार्बन डायऑक्साइडसाठी एनडीआयआर नावाचे छोटे सेन्सर मिळतात. एका टोकाला तापणारा दिवा, आतून सोन्याचा मुलामा दिलेली वाकडी-तिकडी पोकळी, दुसऱ्या टोकाला ४.२६ मायक्रॉनचा फिल्टर लावलेला डिटेक्टर. या पट्ट्यात कार्बन डायऑक्साइड इतका जोरदार शोषतो की काही सेंटिमीटर पुरतात. किंमत हजारांत.

पण एकाच डिटेक्टरवर चालणारा सेन्सर मळला की प्रकाश कमी पोचतो, आणि कमी प्रकाश म्हणजे जास्त वायू असंच तो समजतो. धुळीला तो वायू म्हणून मोजतो. म्हणून घ्यायचाच तर दोन चॅनेलचा घ्या. त्यात दुसरा डिटेक्टर ४ मायक्रॉनच्या जवळ, जिथे हा वायू शोषत नाही तिथे, पाहत असतो आणि मळाचा हिशेब वजा होतो. या सेन्सरमध्ये आपोआप शून्य सुधारण्याची एक सोय असते. काही दिवसांतलं सगळ्यात कमी वाचन म्हणजे बाहेरची ताजी हवा, साधारण ४०० पीपीएम, असं सेन्सर धरून चालतो. वर्गखोलीत हे चालतं, कारण रात्री खोली रिकामी होते. अळिंबीच्या खोलीत हवा कधीच ४०० पर्यंत उतरत नाही. तिथे ही सोय बंद केली नाही, तर सेन्सर महिनाभरात खोटं बोलायला लागतो.

तत्त्व कमकुवत आहे असा मात्र अर्थ काढू नका. चार्ल्स कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआवर ३१३ पीपीएमपासून जी नोंद सुरू केली, ती याच तत्त्वाच्या, पण मोठ्या आणि काळजीने सांभाळलेल्या यंत्रावर. ते यंत्र २००६ पर्यंत चाललं. हवेतली वाफ गोठवून हवा कोरडी करायची आणि ठरल्या वेळी संदर्भ वायूच्या नळकांड्यांशी ताडून पाहायची, या शिस्तीमुळे ती नोंद टिकली.

व्हाइट की हेरियट

खरी निवड बहुतेकांची इथेच असते, म्हणून इथे जरा थांबू.

व्हाइट सेल जॉन व्हाइट यांनी १९४२ मध्ये मांडला. तीन अंतर्वक्र आरसे, तिघांचीही वक्रतेची त्रिज्या सारखी. एका बाजूला एक रुंद आरसा, त्याच्यापासून त्रिज्येइतक्या अंतरावर समोर दोन अर्धवर्तुळाकार आरसे शेजारी-शेजारी. प्रकाश एका अर्ध्या आरशावर जातो, तो त्याची प्रतिमा रुंद आरशावर टाकतो, रुंद आरसा तो प्रकाश दुसऱ्या अर्ध्याकडे पाठवतो, आणि असं चालू राहतं. प्रत्येक वेळी प्रतिमा पुन्हा नेमकी जुळते, म्हणून प्रकाश पसरून वाया जात नाही. दिव्याचा जाड, पसरट झोतही यात आत शिरतो आणि बाहेर येतो. हा या सेलचा सगळ्यात मोठा गुण.

हेरियट सेल १९६४-६५ मध्ये बेल प्रयोगशाळेत डोनाल्ड हेरियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला, म्हणजे लेसर आल्यानंतर. यात दोनच आरसे समोरासमोर आणि त्यातल्या एकाला भोक. त्या भोकातून लेसर तिरका सोडायचा. प्रत्येक खेपेला किरण आरशावर थोडा पुढच्या जागी आपटतो, ठिपक्यांचं वर्तुळ किंवा लंबवर्तुळ तयार होतं, आणि ठरलेल्या खेपा झाल्या की किरण त्याच भोकातून वेगळ्या दिशेने बाहेर पडतो. दिव्याचा पसरट प्रकाश इथे उपयोगाचा नाही. बारीक, शिस्तीचा किरणच हवा.

त्यामुळे पहिला निवाडा सोपा आहे. तुमचा स्रोत लेसर नसेल, म्हणजे एफटीआयआर (दिव्याचा अख्खा अवरक्त पट्टा एकदम पाहणारं यंत्र) असेल किंवा अतिनील दिवा असेल, तर व्हाइट सेल घ्या. चिमणीच्या धुरातले हायड्रोजन क्लोराइड, अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडं असे दहा-बारा वायू एकदम मोजायचे असतील, तर १८० अंशांपर्यंत तापवलेला काही मीटरचा बहुखेपी सेल आणि एफटीआयआर ही जोडी रुळलेली आहे. तिथे हेरियटचा विचार करत वेळ घालवू नका.

स्रोत लेसर असेल तर दोन्ही शक्य असतात आणि मग जुळवणीचा प्रश्न येतो. व्हाइट सेल जुळवायला मला अजूनही आवडतो. लाल लेसर आत सोडायचा, खोलीतला दिवा बंद करायचा आणि रुंद आरशावरचे ठिपके मोजायचे. आत-बाहेरच्या जागा सोडून एक ठिपका दिसला तर चार खेपा, तीन दिसले तर आठ, पाच दिसले तर बारा. ठिपक्यांत एक मिळवा आणि दोनने गुणा. एका अर्ध्या आरशाचा स्क्रू केसभर फिरवला की ठिपके एकमेकांकडे सरकतात, मध्ये नवी जोडी उगवते आणि मार्ग चार खेपांनी वाढतो. गंमत अशी की आरसा नवाकोरा, अगदी स्वच्छ असेल तर ठिपके नीट दिसतच नाहीत, कारण आपल्याला दिसते ती धुळीवर विखुरलेली चमक. तेव्हा पातळ ट्रेसिंग पेपरची पट्टी आरशासमोरून हळू सरकवत मोजायचं. काही जण किरण दिसावा म्हणून उदबत्तीचा धूर सोडतात. तसं करू नका. तो धूर चिकट असतो आणि आरशावर जो थर बसतो तो फुंकून जात नाही.

पण तोच स्क्रू ही व्हाइट सेलची दुखरी बाजू आहे. अर्धा आरसा कंपनाने किंवा तापमानाने जरासा कलला, की शेवटची प्रतिमा बाहेर पडायच्या फटीवरून सरकते आणि प्रकाश अर्ध्यावर येतो. जितक्या खेपा जास्त, तितकी ही सरक मोठी. प्रयोगशाळेतल्या जड टेबलावर हे सांभाळता येतं, जीपमध्ये येत नाही.

हेरियट इथे जिंकतो. आरशाच्या किंचित कलण्याला तो फारशी दाद देत नाही. ठिपक्यांची अख्खी माळ थोडी हलते, पण किरण ठरलेल्या खेपांनंतर भोकाकडेच परत येतो. त्याला चालत नाही ते आरशांमधल्या अंतरातला फरक. अंतर वक्रतेच्या त्रिज्येइतकं असेल तर किरण चार खेपांतच परत येतो. अंतर बदललं की ठिपक्यांमधला कोन बदलतो आणि खेपांचा आकडाच वेगळा होतो. अर्ध्या मीटरचा ॲल्युमिनियमचा सांगाडा दहा अंश तापला तर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून थोडा जास्त वाढतो. वीस-तीस खेपांना हे चालून जातं, शंभर-दोनशे खेपांना किरण भोकाच्या कडेवर घासायला लागतो. म्हणून मोठ्या खेपांच्या सेलमध्ये दोन आरशांना धरून ठेवणारे दांडे इन्व्हार (तापमानाने जवळजवळ न वाढणारा मिश्रधातू) किंवा कार्बन फायबरचे आहेत का, ते विचारा. ॲल्युमिनियम असेल तर तापमान स्थिर ठेवायची सोय आहे का ते विचारा.

साध्या हेरियटमध्ये ठिपके वर्तुळाच्या परिघावरच पडतात, आरशाचं मधलं सगळं अंगण रिकामं राहतं. दोन दिशांना वेगवेगळी वक्रता दिलेले आरसे वापरले तर ठिपके सगळ्या अंगणभर पसरतात. ही कल्पना १९९५ मध्ये नीट मांडली गेली, आणि आज सुमारे अर्ध्या लिटरच्या सेलमध्ये ७६ मीटर मार्ग बसवता येतो. अशा सेलची जुळवणी मात्र स्वतः करायच्या भानगडीत पडू नका, जुळवलेलाच घ्या.

आता आपला मूळ प्रश्न. मळल्यावर काय? व्हाइट आणि हेरियट दोघांचंही उत्तर एकच आणि फार प्रामाणिक आहे. समजा आरसा ९८ टक्के परावर्तन करतो आणि पन्नास खेपा आहेत. शेवटी ३६ टक्के प्रकाश उरतो. मळ बसून परावर्तन ९७ टक्क्यांवर आलं, तर उरतो २२ टक्के. प्रकाश बराच घटला, पण खेपा पन्नासच राहिल्या, मार्ग तेवढाच राहिला. लेसरची तरंगलांबी शोषणरेषेवरून पुढे-मागे फिरवत असाल, तर रेषेच्या दोन्ही बाजूंची बेसलाइनही (वायू शोषत नाही तिथली प्रकाशाची पातळी) त्याच प्रमाणात खाली आलेली दिसते, आणि गुणोत्तर घेतलं की प्रमाण बरोबर येतं. वाचनातला गोंगाट वाढतो, वाचन सरकत नाही. मळाची बातमी वेगळी मिळते आणि वायूची वेगळी. मैदानी कामासाठी हा गुण मला इतर सगळ्या गुणांपेक्षा मोठा वाटतो.

वरच्या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. खेपा वाढवल्या की शोषण वाढतं, पण प्रकाश घटतो. ९८ टक्क्यांच्या आरशाला पन्नासच्या आसपास खेपा सगळ्यात फायद्याच्या. दोनशे केल्या तर प्रकाश दोन टक्क्यांच्याही खाली जातो. म्हणून साध्या धातूच्या मुलाम्यावर कुणी दोनशे खेपांचं आश्वासन देत असेल, तर आरशाच्या परावर्तनाचा आकडा तुमच्या तरंगलांबीसाठी लेखी मागा.

मुलाम्याबद्दलही एक. बायोगॅस, सांडपाणी, डेअरी अशा जागी चांदीचा आरसा घेऊ नका. हायड्रोजन सल्फाइडने घरातली चांदीची भांडी काळी पडतात, तसाच तो कडेने काळा पडत जातो, वर संरक्षक थर असला तरी. सोनं घ्या. आणि सोनं उघडं असेल, वर संरक्षक थर नसेल, तर त्याला कापडाने पुसायचं नाही. ते इतकं मऊ असतं की लेन्सचा कागदही ओरखडे पाडतो. थर असलेला आरसा असेल तर लेन्सच्या कागदावर मिथेनॉलचा एक थेंब टाकायचा आणि कागद न दाबता, स्वतःच्या वजनानेच, आरशावरून एका दिशेने ओढून घ्यायचा. प्रत्येक ओढीला नवा कागद. मागे-पुढे घासलं की संपलं.

पट्ट्यांचं दुखणं

बहुखेपी सेलची मर्यादा फार क्वचित प्रकाशाच्या कमतरतेने ठरते. ती ठरते फ्रिंजनी, म्हणजे प्रकाशाच्या लाटा एकमेकींत मिसळून उठणाऱ्या पट्ट्यांनी. शेजारचे ठिपके एकमेकांवर थोडे चढले, भोकाच्या कडेवरून थोडा प्रकाश विखुरला, खिडकीच्या काचेच्या दोन समांतर पृष्ठांत थोडा अडकला, की मुख्य किरणात त्याची लाट मिसळते आणि बेसलाइनवर बारीक तरंग उठतात. ते तरंग वायूच्या शोषणरेषेसारखेच दिसतात, आणि तापमानाबरोबर हळूहळू सरकत असल्याने तासभर सरासरी घेतली तरी पुसले जात नाहीत. दहा हजारात एक इतकं शोषण मोजणं सोपं आहे. लाखात एकच्या पुढे जायला झगडावं लागतं, आणि तो झगडा मुख्यतः या तरंगांशी असतो. पाचर-आकाराच्या खिडक्या घ्या, ठिपक्यांमध्ये अंतर ठेवा, आणि प्रात्यक्षिकात सेलमध्ये कोरडा नायट्रोजन भरून तासभराचा शून्याचा आलेख बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

गुरुत्वीय लहरींच्या संशोधकांनाही हेच दुखणं भोवलं होतं. एमआयटी आणि जर्मनीतल्या गार्शिंगच्या सुरुवातीच्या नमुना-यंत्रांत हेरियट पद्धतीच्या खेपा वापरल्या होत्या. विखुरलेल्या प्रकाशाचा त्रास हे एक मोठं कारण होतं की पुढे मोठ्या वेधशाळांनी फॅब्री-पेरो पोकळीची (समोरासमोरच्या आरशांत प्रकाश अडकवणाऱ्या कॅव्हिटीची) वाट धरली. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडियातही चार किलोमीटरच्या भुजांमध्ये तशाच पोकळ्या असतील. वायू मोजणाऱ्यांनीही आपल्या छोट्या जगात तीच वाट धरली.

कॅव्हिटी: घंटेचा नाद मोजणं

इथे आरशाला भोक नसतं. दोन किंवा तीन आरसे, प्रत्येकाचं परावर्तन ९९.९९ टक्के किंवा त्याहून जास्त, आणि प्रकाश आरशातूनच जेमतेम झिरपून आत जातो. आत गेलेला प्रकाश हजारो वेळा मागे-पुढे होतो. पंचवीस सेंटिमीटरची कॅव्हिटी आणि ९९.९९ टक्क्यांचे आरसे असतील तर परिणामी मार्ग अडीच किलोमीटर; परावर्तन ९९.९९९ टक्के केलं तर पंचवीस किलोमीटर.

हा प्रकाश मोजायच्या दोन पद्धती बाजारात आहेत. दोघींची नावं माहितीपत्रकात जवळजवळ सारखी वाटतात, पण मळाच्या प्रश्नावर त्यांची उत्तरं अगदी वेगळी आहेत.

पहिली रिंग-डाउन. ओकीफ आणि डीकन यांनी १९८८ मध्ये ती मांडली. कॅव्हिटी प्रकाशाने भरायची, लेसर झटकन बंद करायचा आणि आतला प्रकाश किती वेळात विरतो ते पाहायचं. देवळातल्या घंटेवर टोल दिला की नाद हळूहळू विरतो. टोल जोरात दिला की हळू, यावर विरण्याचा वेग अवलंबून नसतो. घंटेला कुणी हात लावला तर मात्र नाद लवकर मरतो. वायू म्हणजे तो हात. वरच्या उदाहरणात रिकाम्या कॅव्हिटीचा नाद आठ मायक्रोसेकंदांच्या घरात विरतो. लेसरची ताकद वर-खाली झाली तरी वाचन हलत नाही. आणि मळ? लेसर शोषणरेषेच्या बाजूला नेला की वायू शोषत नाही, तेव्हा मिळतो तो फक्त आरशांचा नाद. रेषेवरचा आणि बाजूचा, दोन्ही मोजले की मळाचा वाटा आपोआप वजा होतो. संवेदनशीलता घटते, पण वाचन खरं राहतं.

दुसरी पद्धत म्हणजे लेसर सतत चालू ठेवून कॅव्हिटीतून पलीकडे झिरपणाऱ्या प्रकाशाची बेरीज मोजायची. किरण मुद्दाम अक्षाबाहेरून सोडला तर जुळवणी बरीच सैल चालते, यंत्र दणकट आणि दुरुस्तीला सोपं होतं. पण इथे परिणामी मार्ग आरशाच्या परावर्तनावरच उभा असतो. ९९.९९ चे ९९.९८ झाले, म्हणजे डोळ्याला न दिसणारा मळ बसला, की मार्ग निम्मा होतो आणि यंत्राला कुणी सांगितलं नाही तर वाचनही निम्मं येतं. चांगल्या यंत्रात यासाठी अधूनमधून नादाची वेळ मोजून परावर्तन दुरुस्त करायची सोय असते. ती आहे का आणि किती वेळाने चालते, हे या प्रकारचं यंत्र घेताना विचारायचा पहिला प्रश्न.

किमती दोन्हींच्या लाखांच्या भाषेत बोलायच्या. मग घ्यायचं कुणी? ज्याला दीर्घकाळ, फार बारीक फरक मोजायचे आहेत त्याने. जागतिक हवामान संघटनेची अपेक्षा अशी आहे की वेगवेगळ्या केंद्रांची वाचनं उत्तर गोलार्धात कार्बन डायऑक्साइडसाठी ०.१ पीपीएम आणि मिथेनसाठी २ पीपीबी (अब्जात दोन भाग) इतकी जुळावीत. या कामात मौना लोआवर अमेरिकेच्या नोआ या महासागर-वातावरण संस्थेनेही एप्रिल २०१९ पासून रिंग-डाउनचं यंत्र लावलं. गोव्यातल्या काबो द रामला १९९३ पासून फ्लास्कमध्ये हवा भरून ती ऑस्ट्रेलियात तपासायला पाठवली जात होती. आज तसं केंद्र नव्याने उभारायचं असेल तर जागेवरच रिंग-डाउन यंत्र लावावं असंच मी सांगेन. संदर्भ वायूची नळकांडी मात्र त्याच्याबरोबर हवीतच.

कॅव्हिटीचा खरा शत्रू धूळ आणि पाणी. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत जुलै महिन्यात आमच्याच हातून ही चूक झाली. गच्चीवरून हवेची नळी खाली वातानुकूलित खोलीत आणली होती. बाहेर तीस अंश आणि नव्वद टक्के आर्द्रता, म्हणजे दवबिंदू अठ्ठावीसच्या आसपास, खोली बावीसवर. खोलीतल्या नळीच्या वळणात रात्रभर पाणी साचलं आणि सकाळी पंपाने ते फिल्टरमधून यंत्राकडे ओढलं. आरसे कारखान्यात परत गेले. तेव्हापासून नळीवर तापणारी पट्टी गुंडाळतो, आणि दाब कमी करणारी बारीक छिद्राची चकती खोलीबाहेर, नळीच्या तोंडाशी बसवतो. दाब तिथेच उतरला की आतल्या नळीत पाणी साचायचं कारण उरत नाही.

सेलच्या बाहेरची हवा

लेसर आणि सेलची खिडकी यांच्यामध्ये जी हवा असते ती कुणी मोजत नाही, पण किरण तिच्यातून जातो. याचं सगळ्यात दूरचं उदाहरण मंगळावरचं आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीत सुमारे वीस सेंटिमीटरचा हेरियट सेल आहे. ३.२७ मायक्रॉनच्या मिथेनच्या लेसरला त्यात ८१ खेपा, म्हणजे १६.८ मीटर मार्ग मिळतो. सेलच्या आधीच्या प्रकाशमार्गाच्या कप्प्यात पृथ्वीवरची हवा अडकून गेली होती, आणि तिच्यातलं मिथेन मंगळाच्या मिथेनपेक्षा कितीतरी जास्त होतं. सेल भरलेला आणि सेल रिकामा, अशी दोन वाचनं घेऊन फरक काढावा लागला. त्यातून पुढे ०.२४ ते ०.६५ पीपीबी अशी ऋतूप्रमाणे बदलणारी पातळी सांगितली गेली. मंगळाभोवती फिरणाऱ्या युरोपीय-रशियन ट्रेस गॅस ऑर्बिटरने मात्र २०१९ मध्ये ०.०५ पीपीबीच्या वर काहीच नाही असं सांगितलं, आणि हा मेळ बसवणं अजून चालू आहे.

तुमच्या टेबलावर हीच गोष्ट पाण्याच्या वाफेने होते. पाण्याच्या रेषा अवरक्त पट्ट्यात जागोजागी आहेत आणि मुंबईची हवा ओली आहे. लेसरच्या डब्यात कोरडा नायट्रोजन फिरता ठेवा. नायट्रोजनचा खर्च यंत्राच्या किमतीत आधीच धरा.

चिकट वायू आणि घाईचे वायू

अमोनिया, हायड्रोजन क्लोराइड हे सेलच्या भिंतीला चिकटतात आणि तासभर सुटत राहतात. गोठ्यातला अमोनिया बंद सेलमध्ये मोजला, तर आलेखात सकाळची साफसफाई दुपारपर्यंत ओघळलेली दिसते. सेल तापवा, आतून टेफ्लॉनसारखा थर द्या, प्रवाह वाढवा. किंवा सेलला भिंतीच ठेवू नका. उघडा हेरियट सेल म्हणजे दोन आरसे आणि मधून वाहणारा वारा. ली-कोरचं शेतातल्या मिथेनसाठीचं ७७०० हे यंत्र असंच आहे: आरशांत सुमारे अर्ध्या मीटरचं अंतर, एकूण मार्ग ३० मीटर, आणि खालचा आरसा धुवायची सोय यंत्रातच. उघड्यावर आरसा मळणारच, तरीही हे चालतं, कारण हेरियटमध्ये मळाने वाचन सरकत नाही. उघडी कॅव्हिटी शेतात अशी टिकवणं फार अवघड आहे.

भातखाचरातून निघणारं मिथेन वाऱ्याच्या झुळकांबरोबर सेकंदाला दहा वेळा मोजायचं असेल, तर बंद सेलमधली हवाही तितक्याच वेगाने बदलली पाहिजे. दोन लिटरचा व्हाइट सेल आणि मिनिटाला दोन लिटरचा पंप असेल तर हवा बदलायलाच मिनिट जातं. इथे सेलचं आकारमान लांबीइतकंच मोलाचं. मार्गाला आकारमानाने भागा आणि तो आकडा ताडून पाहा.

तर घ्यायचं काय

महाविद्यालयात शिकवायला व्हाइट सेल घ्या. ठिपके मोजताना विद्यार्थ्यांना खेपा डोळ्यांनी दिसतात, आणि तो सेल पुढे एफटीआयआरलाही जोडता येतो. वाहनात, ड्रोनवर, शेतात, गळती शोधायला हेरियट. त्यात शंका नको. चिमणीसाठी तापवलेला बहुखेपी सेल आणि एफटीआयआर. पार्श्वभूमीची वर्षानुवर्षांची नोंद ठेवायला रिंग-डाउन. अक्षाबाहेरची कॅव्हिटी तेव्हा, जेव्हा बारीक मोजमापही हवं आहे आणि जागेवर स्वतः आरसे काढून पुसणारा माणूसही आहे. बायोगॅसला आरसे नकोत.

हेरियट आणि रिंग-डाउन यांत अडला असाल, तर जागेवर कोण बसणार आहे ते बघा. आठवड्यातून एकदा येणारा ऑपरेटर असेल तर मी हेरियट घेईन, जरी आकडा एका दशांश स्थानाने कमी मिळाला तरी.

प्रात्यक्षिकाला जाताना दोन वस्तू सोबत न्या: ज्ञात प्रमाणाच्या वायूचं एक छोटं नळकांडं, आणि वीसेक टक्के प्रकाश अडवणारी, किंचित तिरकी धरता येणारी पाचर-काच. नळकांड्यातला वायू सेलमध्ये भरा, वाचन स्थिर होऊ द्या, मग लेसर आणि सेल यांच्यामध्ये ती काच धरा. हेरियट आणि व्हाइटमध्ये प्रकाशाचा आकडा पडला पाहिजे आणि वायूचा आकडा जागेवर राहिला पाहिजे. तो हलला, तर बेसलाइनचा हिशेब कच्चा आहे. कॅव्हिटीत ही काच उपयोगाची नाही, कारण तिथे मळ बाहेर नव्हे, आरशावर मोजायचा असतो. म्हणून तिथे मागील वर्षभराच्या रिकाम्या नादाच्या वेळांची नोंद मागा, दुसऱ्या एखाद्या ग्राहकाच्या यंत्राची असली तरी चालेल, आणि पावसाळ्याचे चार महिने त्यात आहेत का ते आधी बघा.